सतरा की बावीस? आधी सांगा, नेम कशावर धरायचाय

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. पत्र चार पानांचं आहे, त्यातली दीड पानं द्राक्षाच्या भावावर. मुद्द्याचा भाग असा:

‘सर, माझी मुलगी सोळा वर्षांची. तीन वर्षांपासून नाशिकला १० मीटर एअर रायफल करते. आता कोच म्हणतात, पॉइंट टू-टूवर, म्हणजे .२२ रायफलीवर या. इकडे बागेत रानडुकरं घुसतात, मण्यात पाणी उतरलं की बुलबुल, साळुंक्या, पोपट तुटून पडतात. माझा चुलतभाऊ अमेरिकेत मिसुरीला असतो. तिकडे खारीची, सशाची शिकार चालते, तोही करतो. तो म्हणतो, .२२ म्हणजे आजोबांच्या काळातलं, .१७ एचएमआर घे, गोळी दोरी ताणल्यासारखी सरळ जाते, एका रायफलीत मुलीचं आणि बागेचं दोन्ही काम होईल. डिसेंबरात येताना दोन डब्या घेऊन येतो म्हणालाय. तर कोणती घ्यावी?’

भाऊसाहेब, एका दगडात दोन पक्षी मारायला निघालात, पण यातला एक पक्षी खरोखरचा पक्षी आहे आणि तो कायद्याच्या संरक्षणात आहे. त्याच्याकडे नंतर येतो. तुमचे बंधू खोटं बोलत नाहीत, एवढं आधी सांगतो. त्यांच्या रानात, त्यांच्या कामाला .१७ झकास आहे. प्रश्न त्यांच्या रानाचा नसून तुमच्या बागेचा आणि तुमच्या लेकीचा आहे.

(.१७ आणि .२२ हे आकडे म्हणजे गोळीची जाडी, इंचात.) लेकीचं उत्तर एका ओळीत देता येतं. ५० मीटर रायफलच्या स्पर्धेत फक्त .२२ लाँग रायफल हेच काडतूस चालतं, ५.६ मिलिमीटरचं. नियमात तसंच लिहिलंय. .१७ घेऊन गेलात तर तपासणीच्या टेबलावरूनच परत पाठवतील. म्हणजे तिच्यासाठी ‘सतरा की बावीस’ हा वादच नाही. पण मागे कारणं आहेत, आणि ती कळली तर तुम्ही भावाशी फोनवर बरोबरीनं बोलू शकाल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गावात कुणाकडे परवान्याची बारा बोअर असेल तर तिचं काडतूस बुडाकडून बघा. मधोमध एक छोटी टिकली दिसेल. घोडा तिच्यावर पडतो आणि बार होतो. .२२ च्या बुडाला टिकली नसते, नुसतं गुळगुळीत पितळ असतं. पेट घेणारा मसाला बुडाच्या बाहेर आलेल्या काठात, आतल्या पोकळीत भरलेला असतो. रायफलीची पिन तो काठ चेपते आणि मसाला पेटतो. रिम म्हणजे काठ, म्हणून हे रिमफायर. काठ चेपला जायला हवा तर पितळ पातळ हवं, पितळ पातळ म्हणजे आतला दाब बेताचा हवा, आणि दाब बेताचा म्हणजे काडतूस लहान. ही सगळी जमात लहान चणीची आहे ती त्यामुळे. झाडलेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, पुन्हा भरता येत नाही, काठ एकदा चेपला की संपलं.

याच रचनेची एक खोडही आहे. मसाला काठात सगळीकडे सारखा पसरलेला नसला तर पिन नेमकी रिकाम्या जागी पडते आणि नुसतं ‘टक्’ होतं. लेकीला पहिल्या दिवशी हेच शिकवा: टक् झालं की रायफल उघडायची नाही. नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, मग काढायचं. दुसरं, एअर रायफलवर तिला रिकामा सराव करायची सवय लागली असेल. .२२ मध्ये नळीत काही न घालता चाप ओढत बसलं तर अनेक रायफलींत पिन नळीच्या तोंडाच्या कडेवर आपटते आणि तिथे खाच पडते. रायफल बनवणाऱ्यानं चालेल म्हटलं असेल तरच, नाहीतर नकली काडतूस घालून सराव करायचा.

आता या काडतुसांच्या भावकीची ओळख. सगळ्यात थोरलं .२२ शॉर्ट, १८५७ सालचं. इकडे काडतुसाच्या चरबीवरून देश पेटला होता, त्याच साली तिकडे हे छोटंसं काडतूस एका रिव्हॉल्व्हरसाठी बाजारात आलं. तीस वर्षांनी, १८८७ मध्ये, त्याचंच लांब झालेलं रूप .२२ लाँग रायफल म्हणून आलं. आजही जगात कुठल्याही काडतुसाहून जास्त हेच झाडलं जातं. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम. तुमच्या बागेतला एक मणीसुद्धा तिच्याहून जड भरेल. या गोळीची गंमत अशी की तिची जाडी आणि पुंगळीची जाडी बाहेरून एकच. शेपटाकडे गोळी बारीक केलेली असते आणि तेवढीच आत बसवलेली असते. म्हणजे शिशाचा बराचसा भाग उघडा, त्यावर मेणाचा हात. काडतूस चिमटीत धरलं की बोटाला चिकट लागतं ते हेच. (शिसंही लागतं. रेंजवरून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भेळेला हात लावायचा नाही. मी पोरांना यावरून ओरडतो, ते हसतात, मी परत ओरडतो.)

मग १९५९ मध्ये .२२ मॅग्नम आलं. नाव .२२ असलं तरी ते लाँग रायफलचा सख्खा भाऊ नव्हे. यात गोळी आपल्या पूर्ण जाडीनिशी पुंगळीच्या आत बसते, म्हणून पुंगळी जाडजूड. मॅग्नमच्या रायफलीत साधं .२२ ढिलं बसतं आणि झाडलं तर पुंगळी फाटते. ‘दोन्ही टू-टूच की’ म्हणून कुणी अदलाबदल करायला लागला तर त्याच्या हातून रायफल काढून घ्या.

२००२ साली याच मॅग्नमच्या पुंगळीचा गळा आवळून त्यात बारकी गोळी बसवली, ते तुमच्या भावाचं .१७ एचएमआर. जाडी इंचाचे सतरा शतांश, आणि वजन बहुधा सतराच ग्रेन. जेमतेम १.१ ग्रॅम. दोनच वर्षांनी साध्या .२२ च्या पुंगळीवरून .१७ मॅक टू काढलं, ते फार चाललं नाही. आणि २०१३ च्या सुमारास .१७ विंचेस्टर सुपर मॅग्नम आलं. त्याची पुंगळी भिंतीत खिळे ठोकायच्या यंत्रातल्या बारापासून घेतलेली आहे. बांधकामाच्या साइटवर ठाक-ठाक वाजतं ना, तेच घराणं.

आकडे बघा, कारण सगळा तोरा आकड्यांचाच आहे. वेगवान जातीचं .२२ लाँग रायफल नळीतून सेकंदाला साधारण ३८० मीटरनं सुटतं, जोर १८५ ज्यूलच्या आसपास. मॅग्नम ५८० मीटर, ४३० ज्यूल. .१७ एचएमआर जवळजवळ ७८० मीटर, ३३० ज्यूल. सुपर मॅग्नम ९०० च्या पुढे, ५४० ज्यूल. म्हणजे एचएमआर मॅग्नमपेक्षा जोरानं कमी, पण वेगानं खूप जास्त. .२२ ची रायफल ५० यार्डांवर लावून घेतली (म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवून घेतली) तर १०० यार्डांवर गोळी साधारण अर्धा फूट खाली येते. एचएमआर १०० यार्डांवर लावली तर तिथपर्यंत वर-खाली बोटभर फरकसुद्धा पडत नाही. भाऊ ‘दोरी ताणल्यासारखी’ म्हणतात ते यालाच.

मग शिकाऱ्याला काय परवडतं? खार किंवा ससा मारून खायचा असेल तर अमेरिकेतले जुने लोक आजही साध्या .२२ नं डोक्यावर नेम धरतात, कारण मांस शाबूत राहतं. एचएमआरची प्लास्टिकच्या टोकाची गोळी लागताक्षणी फुटून चुरा होते. शेतात बिळं करणाऱ्या प्राण्यांना, ज्यांना खायचं नसतं त्यांना, दीडशे यार्डांवरून टिपायला ती उत्तम. भांड्यात घालायचं असेल तर वाईट. मॅग्नम या दोघांच्या मधलं: कोल्ह्याएवढ्या जनावरापर्यंत चालतं, पण महाग आणि आवाज मोठा. मला विचाराल तर एचएमआरनं मॅग्नमचं निम्मं काम हिसकावलं आणि मॅग्नमला ते अजून पटलेलं नाही.

मात्र वेग म्हणजे अचूकपणा हे डोक्यातून काढा. पन्नास मीटरच्या टार्गेटवर मधलं, दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. निर्यातीला तुम्ही सोळा-अठरा मिलिमीटरचा मणी पाठवता, त्याहून लहान, आणि पन्नास मीटरवर. तिथे लागणारं काडतूस सगळ्यात मंद असतं, सेकंदाला ३२५ ते ३३० मीटर. मुद्दाम मंद. कारण आवाजाच्या वेगापेक्षा जोरात सुटलेली गोळी वाटेत मंदावते, आवाजाचा वेग ओलांडून खाली येताना तिला धक्का बसतो आणि ती हलते. मुळातच आवाजाच्या वेगाखाली सुटली तर हा तमाशाच नाही. वाऱ्याचंही असंच, आणि इथे भले भले चकतात: आडव्या वाऱ्यात वेगवान .२२ मंद .२२ पेक्षा जास्त सरकते. गोळी किती वेळ हवेत होती यापेक्षा वाटेत तिनं किती वेग गमावला, यावर वारा तिला ढकलतो. वेगवान गोळी पहिल्या पन्नास मीटरमध्येच भरपूर वेग उधळते.

तुमच्या तालुक्याला आणखी एक बाब लागू आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांवर येतो, तुम्ही बागेत शेकोट्या पेटवता. त्या थंडीत आवाजाचा वेग सेकंदाला ३३४ मीटरच्या आसपास असतो. एप्रिलच्या दुपारी चाळीस अंशांना तोच ३५५. म्हणजे ३३० नं सुटणारी गोळी उन्हाळ्यात निवांत असते आणि थंडीच्या सकाळी अगदी उंबऱ्यावर. त्यात थंडीनं मेणही घट्ट होतं. काडतुसांची डबी आदल्या रात्री गाडीत ठेवू नका, आणि पहाटेच्या सरावातले आकडे दुपारच्या आकड्यांशी ताडून लेकीला बोलू नका.

काडतुसाच्या जातीवरून मी स्वतः एकदा तोंडावर पडलोय. जिल्ह्याच्या एका स्पर्धेत माझी नेहमीची डबी संपली. शेजारच्याकडून दुसऱ्या कंपनीची घेतली, तीही महागातली. पहिल्या आठ-दहा गोळ्या चाळणीतून सांडल्यासारख्या पसरल्या. मी श्वास तपासला, पट्टा तपासला, चष्मा पुसला. दोष कशाचाच नव्हता. नळीत जुन्या मेणाचा थर होता, नवं मेण वेगळं, ते जुळेपर्यंत गोळी जागेवर बसत नाही. जुळलं, गोळ्या एकावर एक जायला लागल्या, आणि तोवर माझी मॅच गेली होती. तेव्हापासून नियम: एका रायफलीला एक जात, आणि जमलं तर एकाच लॉटची. परदेशात मोठे नेमबाज रायफल घेऊन थेट कारखान्यात जातात, लॉट झाडून बघतात आणि जमलेला लॉट उचलतात. लेकीला एवढ्यात त्याची गरज नाही, पण डबीवरचा लॉट नंबर वहीत लिहायची सवय आजपासून लावा.

आता बागेकडे. रानडुकराला यातलं एकही काडतूस मारायचं नाही. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी नाही. सत्तर-ऐंशी किलोचं जनावर, खांद्यावर जाड कातडं. .२२ लागली तर ते चिडून निघून जाईल आणि आठ दिवसांनी कुणाच्या तरी उसात सडून मरेल, किंवा पहाटे पाण्याची बारी धरायला गेलेल्या माणसावर येईल. एचएमआर तर वरच्यावर फुटेल. कायदा असा की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शिकारीला बंदी घालतो, आणि नुसता प्रयत्नसुद्धा शिकारीतच धरतो. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या काही जनावरांबाबत कलम ११ खाली अधिकृत वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. ती असल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही. तोवर नुकसान झालं की फोटो काढा, पंचनामा करून घ्या, वनखात्याकडे भरपाईचा अर्ज टाका. कुंपण घालायचं तर सौरऊर्जेवरचं, झटका देणारं. मेन लाइनचा आकडा तारेला जोडू नका. त्यात डुक्कर नाही, माणूस आणि बिबट्या मरतो.

पाखरांचं तर बोलायलाच नको. पोपट, बुलबुल, साळुंकी, तिन्ही संरक्षित. कावळे-उंदरांसाठी पूर्वी कायद्यात उपद्रवी प्राण्यांचं वेगळं परिशिष्ट होतं, तेही २०२२ च्या दुरुस्तीत गेलं. आणि तुम्ही राहता कुठे? नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याशेजारी, राज्यातल्या पहिल्या रामसर स्थळाच्या (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेच्या) उशाला. तिथल्या हवेत बंदुकीचा आवाज निघाला तर गावाच्या आधी वनखातं जागं होईल. मणी भरायच्या आत जाळी टाका. एकदा खर्च होतो, चार-पाच हंगाम निघतात.

कायद्याहून मोठं कारण मात्र तुमचा मांडव आहे. लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा, सिमेंटचे खांब, आणि खाली विरळणी करणाऱ्या पंधरा-वीस बायका. .२२ ची शिशाची गोळी कठीण जागी तिरकी लागली की हमखास उसळते. परदेशी डब्यांवर धोक्याचं अंतर दीड मैल छापलेलं असतं, म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. एका जुन्या रेंजवर कुणीतरी हौसेनं लोखंडी पत्रा लावला होता. माझ्यासमोर गोळी त्यावरून उलटी आली आणि माझ्या टेबलाच्या पायात रुतली. गुडघ्यापासून वीतभर लांब. टेबल सागवानी होतं, पाय माझा होता. द्राक्षाच्या मांडवात कुठल्याही बोअरची गोळी झाडायची नसते, एवढं माझ्यावर सोडा.

आता परवान्याबद्दल. लेक सोळाची आहे, एकवीस पूर्ण होईपर्यंत तिच्या नावावर परवाना निघणार नाही. तोवर क्लबची रायफल, कोचच्या नजरेखाली. हे कमीपणाचं अजिबात नाही, पुष्कळ चांगली पोरं अशीच घडली. जिल्हा, राज्य, मग मावळणकर स्पर्धा, मग राष्ट्रीय, अशी वाट आहे. (हे मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकारानं. आपल्याकडे हे कुणाला माहीत नसतं.) कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे नाशिकमध्येच घडला, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं झाडायच्या स्पर्धेचं) कांस्य त्यानं ४५१.४ गुणांवर आणलं. काडतूस? तेच, तुमच्या भावाच्या भाषेत आजोबांच्या काळातलं.

तुम्हाला स्वतःच्या नावावर .२२ घ्यायची असेल तर ग्रामीण भागासाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, शहर हद्दीत पोलिस आयुक्तांकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण माणसाला दोनच शस्त्रं आणि परवाना पाच वर्षांचा. काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या बोअरचीच आणि लिहिलेल्या संख्येतच मिळतात. .१७ ची रायफल उद्या कुठून मिळाली असं धरलं, तरी तिला काडतूस शोधण्यात तुमचं उरलेलं आयुष्य जाईल. आणि लेकीच्या सरावाची रायफल पाखरं हाकलायला बाहेर काढलीत, तर परवाना जाईलच, तिचं खेळणंही अडचणीत येईल.

राहिल्या भावाच्या दोन डब्या. हे उत्तर वाचून झाल्यावर पहिलं काम भावाला फोन लावायचं. तिकडे हे काडतूस दुकानात बिस्किटासारखं मिळतं, त्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटत नसेल. इकडे परवान्याशिवाय एक काडतूस जवळ सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. विमानतळावर जुन्या बॅगेच्या कप्प्यात विसरलेल्या एकाच काडतुसापायी लोकांची विमानं चुकली आहेत, गुन्हे दाखल झाले आहेत. शिकारीला नेलेली बॅग आणि जॅकेट ते प्रवासाला वापरत असतील तर सगळे खिसे उलटे करून झटकायला सांगा. रिकामी पुंगळीसुद्धा नको.

आणायचंच असेल तर कानावरचे चांगले मफ आणायला सांगा, लेकीच्या मापाचे. गाल रायफलीला लागतो तिथे अडणार नाहीत असे, पातळ कपाचे.